भोंग्याची हाक

आमच्या गोदामात भोंगा नावाचा एक हमाल होता. अंगानं काडी. त्याला कामावर घेताना मुकादम म्हणाला होता, "हा पेटी उचलणार की पेटी याला?" पण त्याच दुपारी एक लॉरी मागे येत असताना त्यानं अशी आरोळी ठोकली की ड्रायव्हरनं जागच्या जागी ब्रेक दाबला आणि वरच्या मजल्यावर हिशेब विभागात आमच्या हातातला चहा बशीत सांडला. लॉरीमागे उभा असलेला माणूस वाचला, भोंग्याची नोकरी पक्की झाली आणि नावही. घरी मात्र तो इतकं हळू बोले की बायको म्हणायची, "अहो, जरा माणसाला ऐकू येईल असं बोला!"

गोदामात आठ जणांची एक टोळी होती. वर्षातून एकदा कंपनीच्या मैदानावर गोदाम विरुद्ध वाहतूक विभाग अशी रस्सीखेच होई आणि उरलेलं वर्ष ही मंडळी त्या एका दिवसासाठी जगत. टोळीचा म्होरक्या दादा. भिंतीसारखा माणूस, दोराचं शेवटचं टोक कमरेला गुंडाळून उभा राही. भोंगा सगळ्यात पुढे, कारण ताल त्याच्या हाकेवर.

"दोरावर डोकं चालवायचं नाही, कान चालवायचे," हा दादाचा नियम. तो अंगी मुरावा म्हणून त्यांनी एक खूळ काढलं होतं. जेवताना भोंगा मध्येच ओरडे, "सोड!" की हातात असेल ते सोडायचं. चमचा, ग्लास, तोंडाशी आलेला घास, काहीही. ज्याचा हात मागे राहील त्यानं सगळ्यांचे डबे घासायचे. नव्या माणसाला तर महिनाभर घास गोड लागू देत नसत. झाडणाऱ्या मावशी कपाळावर हात मारत. "घोडे झालात, पोरंबाळं झाली, अक्कल कधी यायची?"

दुसरा नियम मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. टोळी सोडणाऱ्याचा स्टीलचा ग्लास फळीवर पालथा घालायचा आणि त्याच्याशी बोलणं बंद. भोंग्याच्या मोठ्या बहिणीचे यजमान आधी याच टोळीत होते. भोंगा दाजी म्हणे म्हणून सगळेच त्यांना दाजी म्हणत. बढती मिळून ते वाहतूक विभागात गेले आणि त्यांचा ग्लास पालथा झाला. भोंगा रविवारी बहिणीकडे त्यांच्या मांडीला मांडी लावून चहा प्यायचा आणि सोमवारी गोदामात ते समोर आले की छताकडे बघायचा.

मी एकदा म्हटलं, "अरे, सख्ख्या बहिणीचा नवरा तो!"

"साहेब, माझा ग्लास पालथा झाला तर मी जाऊ कुठं? पेटी मला धड उचलत नाही. हाक तेवढी आहे. ती ऐकणारेच गेले तर काय उरलं?"

त्या वर्षी सामन्याला सगळी कंपनी लोटली होती. आम्ही लागोपाठ दोनदा हरलो होतो. वाहतूकवाल्यांनी मुद्दाम दाजींना पुढे ठेवलेलं. मेहुणे मेहुणे समोरासमोर, मध्ये दोर आणि दोराला बांधलेला लाल रुमाल. शिट्टी झाली. "हां... खेच!" भोंगा गरजला आणि आठ जणांच्या टाचा एकदम मातीत रुतल्या. रुमाल आमच्याकडे सरकला, अडला, परत गेला, पुन्हा सरकला. मी खुर्चीवर कधी चढलो ते मला कळलं नाही. आमचे हिशेबनीस शर्टाच्या बाह्या वर करून ओरडत होते. रुमाल रेषेपासून एक वीतभर राहिला.

हात निसटू नये म्हणून दाजींनी दोराचा वेढा पंजाला दिला होता. तसं करायचं नसतं. दोर आवळला की बोटं जातात. ते कोणाला दिसलं नाही, फक्त समोर असलेल्या भोंग्याला दिसलं. बोटं पांढरी पडली, मग काळीनिळी. दाजींनी तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. भोंगा "थांबा, थांबा!" म्हणाला. त्या गदारोळात सवयीचा नसलेला शब्द कोण ऐकतो? पंचाची नजर रुमालावर.

मग मैदान हादरेल अशी हाक आली. "सोड!"

आमच्या टोळीतल्या सगळ्यांचे हात एकदम उघडले. वाहतूकवाले पाठीवर ढिगानं कोसळले. कमरेच्या वेढ्यासकट दादा पोटावर घसरत चार हात पुढे आला. आम्ही हरलो होतो.

"मेहुण्यासाठी!" दादा तोंडातली माती थुंकत ओरडला. "वीतभर राहिलं होतं रे, वीतभर!"

"दादा, हात गेला असता त्यांचा."

"मग जाऊ द्यायचा!" दादा बोलून गेला आणि त्याची नजर दाजींच्या बोटांकडे गेली. पण शब्द मागे घेणं त्याच्या रक्तात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मला राहवेना. मी डबा घेऊन खाली जेवायला गेलो. फळीवर दाजींच्या ग्लासाशेजारी भोंग्याचा ग्लास पालथा. भोंगा दाराशी एकटाच, डबा न उघडता बसलेला. तेवढ्यात दाजी आत आले. उजव्या हाताला पट्टी, डाव्या हातात डबा. "ताईनं पाठवलाय तुला," ते म्हणाले. "बोटं शाबूत आहेत म्हणाला डॉक्टर."

कोणी मान वर केली नाही. दादा ताटाकडे बघत म्हणाला, "घेऊन जा म्हणावं हा भोंगा वाहतुकीला. याच्या हाकेवर इथं आता कोण हात सोडतोय?"

भोंगा उठला. त्या काडीसारख्या छातीत वारा भरताना मी पाहिला.

"सोड!"

ठण, ठण, ठणाण! चमचे गेले, ग्लास गेले. माझाही चमचा गेला, मी कधी दोराला हात लावलेला नसताना. आणि सगळ्यात मोठा आवाज झाला दाजींच्या डब्याचा. टोळी सोडून इतकी वर्षं झाली, तरी हात उघडलाच! भाजी फरशीभर.

दादा आपल्या रिकाम्या पंजाकडे बघत राहिला. मग दाजींच्या पंजाकडे. त्याच्या पोटातून हसू असं उसळलं की बाकही हलायला लागला. "आयला, हा अजून आपलाच आहे की रे!"

तो उठला, फळीवरचे दोन्ही ग्लास उचलून शर्टानं पुसले, सरळ ठेवले, पाणी ओतलं. "बसा दाजी. आणि तू रे, दारात काय बसलायस पाहुण्यासारखा?"

एकच गलका झाला. तेवढ्यात मावशी झाडू घेऊन दारात. "हे सगळं पुसणार कोण? तुमचा आजा?"

भोंगा खाली वाकला आणि घरच्या आवाजात म्हणाला, "पुसतो, मावशी."

"काय म्हणालास? ऐकू येईल असं बोल की!"