ओरडेल त्याचं दार

आपल्या घराला दारं किती आणि त्यांतून कोण येतं-जातं हे ज्याला सांगता येत नाही असा माणूस पृथ्वीतलावर एकच असावा, आणि तो माझ्या नणंदेच्या नशिबी आला. एवढ्यावर भागलं असतं; पण इंदापूर रस्त्यावरच्या ज्या खासगी डेअरीत मी कार्यालयाचं काम बघते, तिथेच तो संगणकप्रमुख होऊन बसला आणि माझ्याही नशिबी आला. नात्याने मी त्यांना भावजी म्हणते, ते मला वहिनी म्हणतात, आणि या दोन शब्दांच्या आडोशाने आम्ही बरीच वर्षं एकमेकांचा सभ्य अपमान करत आलो आहोत.

मी प्रत्येक गोष्टीची यादी करते. भावजींना यादी दिसली की जांभई येते. वडगाव निंबाळकरला त्यांनी घर बांधलं तेव्हा वास्तुशांतीला किती माणसं येणार, असं मी आचाऱ्यासाठी विचारलं. म्हणाले, "जेवायला बसली की कळंल की वहिनी." कळलं. शेवटच्या पंगतीला शिरा संपला आणि आम्ही घरच्या बायकांनी लोणच्याशी भात खाल्ला. भावजी स्वतः पहिल्या पंगतीला बसले होते. त्यांच्या टेबलावर वायरींचं एवढं जाळं असे, की त्यात एकदा त्यांचाच जेवणाचा डबा हरवला आणि सापडला तो वासावरून. नवीन आलेल्या मुलींना ते संगणक शिकवत तोही असा, की शिकवून झाल्यावर त्या माझ्याकडे येऊन विचारत, "मॅडम, सर काय म्हणाले?"

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. गावोगावच्या केंद्रांवर दूध मापलं, की लिटर आणि फॅट आमच्या मुख्य संगणकात येऊन पडतात. हिशेब खात्याला ते हवे असतात, टँकर पाठवणाऱ्याला हवे असतात, पशुखाद्याच्या गोदामाला हवे असतात. प्रत्येक खात्याचा संगणक मुख्य संगणकाला आपापलं विचारून उत्तर घेऊन जातो. हे विचारण्याची जी ठरलेली वाट, तिला एपीआय म्हणतात. भावजी तिला दार म्हणत. कुणी मागितलं की हे दार काढून देणार, आणि कुणी मागितलं होतं ते चहा संपेपर्यंत विसरणार. नावं तरी नीट द्यावीत? 'दार-नवं', 'दार-नवं-खरं', 'दार-शेवटचं', 'दार-शेवटचं-नक्की'.

जुना मुख्य संगणक काढून नवा बसवायचं ठरलं आणि मालकांनी फर्मान काढलं, की कोणतं दार कोण वापरतं ते आधी शोधा. कारण उघड होतं. नव्या संगणकात जे दार राहून जाईल त्याच्या पलीकडच्याचं काम बसणार, आणि दूध काही कुणासाठी थांबत नाही, ते नासतं. मी तक्ता केला. दाराचं नाव, खातं, माणूस, कशासाठी, बंद पडलं तर काय अडेल. भावजींनी पहिला रकाना भरून दिला आणि पेन खाली ठेवलं.

"माणूस कुठाय?" मी विचारलं.

"वहिनी, दार हाय, पानी हाय. ज्याला तहान हाय त्यो येतोय. त्याचं नाव-गाव आपुन कशाला इचारायचं?"

"आत येणाऱ्याची नोंद होत असेल ना?"

"व्हती की! सगळी व्हती." त्यांनी अभिमानाने नोंदी उघडल्या. प्रत्येक खात्याला आत येण्यासाठी स्वतःची वेगळी किल्ली द्यायची असते, म्हणजे कोण आलं ते कळतं. भावजींनी सगळ्यांना एकच किल्ली दिली होती आणि तिला आपल्या गाईचं नाव दिलं होतं. त्यामुळे नोंदींत वरपासून खालपर्यंत, सकाळी-संध्याकाळी, एकटी चंद्रीच येऊन जात होती. हिशेब चंद्री बघत होती, टँकर चंद्री पाठवत होती, पेंडही चंद्रीच मागवत होती. निदान यातलं शेवटचं तरी पटण्यासारखं होतं.

यावर त्यांनी काढलेला उपाय त्यांच्या घराण्याला शोभणारा होता. त्यांचे वडील, तात्या, पाटकरी होते; कालव्यातून शेतांकडे फुटणाऱ्या चाऱ्यांना पाणी सोडायचं आणि तोडायचं हे त्यांचं काम. "तात्या म्हनायचं, पानी कुनाचं ते कागदावर बघू नगा. दार टाका, मालक वरडत येतो." आणि भरदिवसा, धंद्याच्या ऐन वेळेला, हा गृहस्थ एकेक दार बंद करून चहा पीत बसू लागला. पहिलं दार टाकलं आणि हिशेबनीस जिना उतरत खाली आले, चप्पल एकाच पायात. "लिहा वहिनी, हिशेब!" दुसरं टाकलं आणि इंदापूरच्या गोदामातून फोन आला, भावजींनी तो मला ऐकू यावा म्हणून स्पीकरवर लावला, आणि गोदामवाल्यांनी त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. "लिहा, पशुखाद्य!" माझा तक्ता शिव्याशापांनी भरत गेला. एवढ्या शिकलेल्या माणसाने संशोधनाची हीच पद्धत का निवडावी, असं मी विचारलं, तर म्हणाले, "वरडनारा खरं बोलतोय म्हनून."

एक दार मात्र टाकलं आणि कुणीच ओरडलं नाही. नाव होतं 'दार-तात्पुरतं'. आठवडाभर ते बंदच राहिलं. भावजी म्हणाले, "बेवारस हाय. खोडा." मी खोडलं नाही, रकाना मोकळा असताना ओळ खोडायची मला सवय नाही. ते चिडवायला लागले, "वहिनी, तुमचा तक्ता म्हंजी शाळेतली हजेरी. मेलेल्याला पन हाक मारनार."

"तात्यांच्या वेळी दार टाकलं की सगळे यायचे ओरडत?" मी विचारलं.

"सगळं."

"चारीच्या टोकाचेसुद्धा?"

"टेलचं कुठलं येतंय? त्यास्नी पानी न येन्याची सवयच आसती. तितं तात्या सोता सायकलवर..." एवढं बोलून ते थांबले. चहाचा कप तसाच ठेवून त्यांनी लॅपटॉप खांद्याला लावला आणि मोटारसायकलची किल्ली उचलली. तक्त्याची ओळ माझी होती, म्हणून मीही मागे बसले.

मोरगावच्या पलीकडे आमचं शेवटचं केंद्र. तिथे एक आक्का लहानशी किटली घेऊन उभ्या होत्या. एकच गाय, आणि तिच्यावरच घर चाललेलं. भावजींनी किटलीत वाकून बघितलं.

"एवढंच?"

"आठवडा झाला, निम्म्यावर आलीया. कास दगडावानी लागतीया."

"डॉक्टर न्हाय आलं?"

"पयलं यायचं की, न बोलावता. दूध घटलं की दुसऱ्या दिशी फटफटी दारात. आता न्हाय आलं."

"मंग फोन करायचा न्हाय व्हय, आक्का?"

"कुनाला?" आक्का म्हणाल्या. "आमाला वाटलं, डेअरीनं बंद केलं आसंल. देत्यात तवा देत्यात."

भावजींनी तिथूनच आमच्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर खुशीत होते. म्हणाले, "दूध घटलेल्या गाईंची यादी रोज मोबाइलवर येते ना, ती हल्ली रिकामीच आहे. सगळी जनावरं ठणठणीत! निवांत चाललंय." ती यादी 'दार-तात्पुरतं'मधून जात होती. कधीतरी डॉक्टरांनी मागितली, भावजींनी दिली आणि विसरले. केंद्राच्या पायरीवर बसून त्यांनी मांडीवर लॅपटॉप घेतला आणि दार उघडलं. डॉक्टर येईपर्यंत ते आक्कांच्या गोठ्यातच उभे होते, गाईच्या पाठीवर हात ठेवून. गाय वाचली, एक सड मात्र कायमचा आटला.

त्यानंतर चंद्रीला निवृत्ती मिळाली आणि प्रत्येक खात्याला स्वतःच्या नावाची किल्ली. भावजींनी माझा तक्ता स्वतः भरला, अक्षर अत्यंत वाईट, पण एकही रकाना मोकळा नाही. अधूनमधून ते मोरगावकडे जात. विचारलं तर सांगत, गणपतीला.

नवा संगणक पुण्याहून चालतो. भावजींनी नोकरी सोडली आणि वडगावला शेती बघू लागले. त्यांचं टेबल आता स्वच्छ आहे. त्यावर डबा ठेवला तर सापडतो. काही अडलं तर पुण्याला लिहायचं, एक नंबर मिळतो, आणि मग आपण त्या नंबरची वाट बघायची.

परवा नणंदेकडे जेवायला गेले होते. भावजींनी ताटावर बसल्याबसल्या विचारलं, "काय वहिनी, आमचं दार टाकलं. कुनी वरडलं का?"

"नाही," मी म्हणाले.

"मंग बेवारस म्हनायचं."

"तसं नाही, भावजी. आम्ही टेलचे."

 जन्मात कधी पंगतीत वाढायला न उठलेला तो माणूस उठला, आणि शिऱ्याचं पातेलं घेऊन सगळ्यांत आधी माझ्या ताटाशी आला.