बाळंतपणाला आलेली कासवीण

बाळांनो,

मागे फोनवर धाकटीने विचारले होते, "आजी, समुद्रातली कासवीण जिथे जन्मली त्याच किनाऱ्यावर अंडी घालायला परत येते, हे खरं का?" तेव्हा मी वाचलेले उत्तर दिले होते. आता पाहून आले आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

तुमचा तो फोन आला तेव्हा अक्का आमच्याकडेच होत्या. अक्का म्हणजे तुमच्या आजोबांच्या मोठ्या बहीण. काटोलजवळ त्यांची संत्र्याची बाग आहे, आणि त्यांचे यजमान गेल्यापासून ती त्याच पाहतात. चष्म्याचा नंबर काढायला नागपूरला आल्या होत्या आणि पाय पसरून वाटाणे सोलत बसल्या होत्या. तुमचा प्रश्न ऐकून त्यांचा हात थांबला.

"म्हंजे बाळंतपणाले माहेरी येते का वं ती?"

"तसंच म्हणा, अक्का."

"मंग मले पाहाचं हाय."

मी हसून सोडून दिले, पण अक्का सोडणाऱ्यातल्या नाहीत. बागेतला माल तोडून झाला होता. पुढच्या पाण्याच्या पाळीला चार-सहा दिवस होते. सत्तरी उलटली, समुद्र एकदाही पाहिला नाही, आणि आता नाही तर मग नाहीच, असे त्यांनी तुमच्या आजोबांना सुनावले. आजोबांनी पेपरातून मान वर न करता म्हटले, "फुटाळा तलावावर जाऊन बसा दोघी. एखादं निघेल."

"तू बस तिथंच, कासव होऊन," अक्का म्हणाल्या.

मग मी रीतसर चौकशी केली, तिकिटे काढली, औषधांच्या पुड्यांवर वार लिहिले. पुण्यापर्यंत रेल्वे आणि तिथून गाडी करून आम्ही कोकणात उतरलो. कासवांसाठी राखून ठेवलेला तो किनारा लहानसाच आहे. तिथले लोक त्याला पुळण म्हणतात. मागे सुरूचे बन आहे आणि बनाच्या कडेला पाहुण्यांसाठी तंबू. आमचा तंबू समुद्राच्या सर्वांत जवळचा होता. तो मीच मागून घेतला होता.

अक्कांनी तंबूत डोके घालून पाहिले. "घर असून कापडात निजाचं? तमाशाचा फड हाय का वं आपला?" मग समुद्राकडे वळल्या. म्हणाल्या, "एवढं पानी! अन् एका झाडाले देता येत नाई."

पुळणीची राखण वाडीतली एक ताई करते. चाळिशीची, उन्हाने रापलेली, पायात चप्पल नाही. तिने आल्याआल्या नियम सांगितले: टॉर्च लावायचा नाही, मोबाइल पेटवायचा नाही, शेकोटी नाही, मोठ्याने बोलायचे नाही. माझी शाळा इंग्रजी, मिशनरी बायांची. नियम ऐकला की माझी पाठ आपोआप ताठ होते. मी ते सगळे अक्कांना पुन्हा एकदा समजावून सांगितले. त्यांनी मान डोलावली.

कासविणी बहुतेक रात्रीच्या अंधारात येतात. पण कधीकधी एखादी दिवस मावळताच येते, किंवा उजाडायला आले तरी तिचे आटोपलेले नसते, असे ताईने सांगितले होते. पहिल्याच संध्याकाळी तिने आम्हाला हळूच खुणावले. तंबूंतली चार-पाच माणसे आणि मी तिच्यामागे जाऊन वाळूत बसलो. अक्का हातपाय धुऊन येते म्हणाल्या होत्या.

लाटेच्या फेसातून एक काळसर उंचवटा वर सरकला, थांबला, पुन्हा सरकला. मला वाटले, दगड असेल. पण दगडाने मान उचलली. परातीएवढी पाठ, आणि ती वल्ह्यासारख्या पायांनी स्वतःला ओढत होती. थोडी वर आली आणि थबकली. मान इकडेतिकडे केली. मग जड अंगाने सावकाश वळली आणि आल्या वाटेने पाण्यात गेली.

ताईने मागे पाहिले. आमच्या तंबूपुढे वाळूत निरांजन तेवत होते, आणि अक्का समुद्राकडे तोंड करून हात जोडून उभ्या होत्या.

बाळांनो, अक्का लग्न होऊन गेल्यापासून एकही तिन्हीसांज दिव्यावाचून गेलेली नाही. पिशवीत तुपात भिजवलेल्या वातींची डबी होतीच. टॉर्च नको, मोबाइल नको, शेकोटी नको, हे त्यांनी पाळले होते. देवाचा दिवा त्या यादीत बसतो हे ना त्यांच्या मनात आले, ना माझ्या.

ताईने धावत जाऊन दिव्यावर ओंजळ धरली. रागावली नाही. "आजी, तो विझवाल का? तिला दिसतो."

अक्कांनी पदराने दिवा शांत केला. फुंकर कधीच मारत नाहीत. "कोनाले दिसते?"

मी सांगितले.

"आली होती?"

"हो."

"अन् म्या धाडली परत?"

"दिव्यानंच गेली असं नाही," ताई म्हणाली. "पावलांची चाहूल लागली तरी फिरतात. पोटात अंडी घेऊन राहणार किती दिवस? आज-उद्या येईल. इथे नाही तर पुढच्या पुळणीवर."

"म्हंजे दुसऱ्याच्या दारी," अक्का म्हणाल्या.

त्या रात्री त्यांनी ताटात भात नुसता कालवून ठेवला. मी नाना तऱ्हांनी समजावले. कासवांची दृष्टी, किनाऱ्यावरचे उजेड, सगळे वाचलेले सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "वयनी, दिवस भरलेली बाई दारात आली अन् मी तिच्या डोयावर उजेड मारला. तू मले कायले शिकवून राहिली?" मलाही तेच वाटत होते.

परतीची गाडी एक दिवस सोडून सकाळची ठरली होती. म्हणजे मधला दिवस आणि त्याची रात्र एवढेच हाती होते. तो दिवस अक्कांनी पुळणीवर घालवला. वावरातली धसकटे वेचावीत तशा त्या बाटल्या, दोऱ्या, जाळ्यांचे तुकडे वेचत होत्या. मी छत्री धरून मागे. बाहेरून आलेल्या एका तरुण बाईने विचारले, "आजी, तुम्ही इथल्या स्वयंसेवक का?"

"नाई वं," अक्का म्हणाल्या. "मी इथची गुन्हेगार."

संध्याकाळी त्यांनी डबी बाहेर काढलीच नाही. अंधार पडत गेला तशा त्या अस्वस्थ झाल्या. हातांना काय करावे सुचेना. पदर सारखा केला, चष्मा पुसला, पुन्हा पदर सारखा केला.

"घरी सुनेनं लावला असंल," त्या म्हणाल्या.

"लावला असेल."

"तिले सांगून ठेवलं हाय म्या." थोड्या वेळाने, "देव समजून घेईन ना वं?"

मी म्हटले, "अक्का, देवाला उजेड नसला तरी दिसतं." अशी वाक्ये मी एरवी बोलत नाही.

कोणी आले नाही. आम्ही दोघी तंबूत कूस बदलत पडलो. एकदा मला वाटले, त्या रडताहेत. पण त्या नुसत्या मोठ्याने श्वास घेत होत्या.

झुंजूमुंजू होत होते तेव्हा तंबूचे कापड हलले. ताईचा आवाज. "आजी, उठा. हळूच या. खड्डा खणायला लागलीय."

अक्का अनवाणीच निघाल्या. सुरूच्या बनाजवळ, कोरड्या वाळूत, कासवीण पाठमोरी होती. मागच्या पायांनी ती वाळू उकरत होती, एकदा डावा, एकदा उजवा, अगदी हलक्या हाताने. पाय म्हणायला हवे, पण मला हातच वाटले. घागरीसारखा पोटात रुंद खड्डा झाला आणि ती निश्चल झाली. ताईने बोटाने खुणावले: आता घालतेय.

तेवढ्यात तंबूंतली बाकीची माणसे येऊन पोचली आणि एकाने फोन वर केला. अक्का पुढे झाल्या. अंगावरची शाल काढून दोन्ही हातांनी पसरली आणि कासविणीकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

"आजी, बाजूला व्हा ना, फोटो—"

"तुही माय तुले जनून राहिली होती तवा कोनी फोटू काढला होता का रे?"

तो पोरगा खालमानेने फोन खिशात घालून मागे सरला. ताईने अक्कांना थांबवले नाही. मी जवळ जाऊन कुजबुजले, "अक्का, तुम्ही वळून पाहा ना. याचसाठी आलो आपण."

"नाई. वावरात बाई अडली का आमी लुगड्याचा असाच आडोसा करतो. अन् पाठ फिरवतो. तिले लाज वाटते." मग मान न वळवता, "तू पाह्य अन् मले सांग. काय करून राहिली?"

आणि मी, जिला तुमचे आजोबा चाळीस वर्षे चिडवत आले की हिला वऱ्हाडी जमणार नाही, मी म्हणाले, "अंडी घालून राहिली, अक्का. दोन-दोन, तीन-तीन. पांढरीशुभ्र."

"त्रास होऊन राहिला का?"

मी कडेने वाकून पाहिले; कासविणीच्या डोळ्यांतून पाणी ओघळत होते. ते खारे पाणी शरीराबाहेर टाकण्याची सोय असते, हे मला माहीत आहे. मी म्हटले, "थोडा. पण करतेय."

मी शालीचे एक टोक धरले.

खड्डा बुजवायला लागली तेव्हा ताईने अक्कांच्या खांद्याला हात लावला. मग त्या वळल्या. कासवीण सारे अंग उचलून वाळूवर आपटत होती, या कडेने, त्या कडेने.

"अंगण चोपून राहिली पाह्य!" अक्का पुटपुटल्या. "किती नीट. किती नीट वं."

ही परवा फिरलेलीच की दुसरी, ते ताईलाही सांगता येईना. अक्कांनी विचारलेही नाही; त्यांच्यापुरते ठरले होते. त्या तिच्या वाटेपासून हातभर अंतर ठेवून पाण्यापर्यंत चालत गेल्या. एक लाट आली, पाठीवरची वाळू धुतली, दुसरीने तिला उचलले, आणि मग तिथे नुसते पाणी राहिले.

मागे ताई, कोल्ह्याकुत्र्यांनी उकरू नयेत म्हणून, अंडी काढून कुंपणातल्या खड्ड्यात नेण्याच्या तयारीला लागली होती. अक्का घोटाभर पाण्यात उभ्या.

"वयनी, ओटी भराची राहून गेली."

"अक्का, तिला पदर कुठे आहे?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि दोन दिवसांत पहिल्यांदा हसल्या. तोंडावर हात धरून, खांदे हलवत, लुगडे भिजले तरी हसतच राहिल्या. मग मीही.