सतरा नंबरचा खण

आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात पिशव्या ठेवायच्या काउंटरवर ज्या बाई बसतात, त्यांना सगळे टोकनताई म्हणतात. तुम्ही पिशवी द्यायची, त्या ती खणात ठेवून त्या नंबरचं पितळी टोकन तुमच्या हातावर ठेवणार. टोकन परत दिल्याशिवाय पिशवी नाही, मग तुम्ही कुलगुरू का असाना.

या बाई माझ्या वर्गात येऊन बसल्या तेव्हा मी कपाळाला हात लावला. यंत्राच्या पोटात काय चालतं ते प्रोग्राम लिहिणाऱ्यांना शिकवायचं, हा माझा विषय. पायाभूत म्हणतात, पण भल्याभल्यांना घाम फोडतो. त्यात मी तापट मास्तर. शिकवताना किल्ल्यांचा जुडगा बोटावर फिरवतो आणि कुणी चुकलं की टेबलावर आपटतो.

टोकनताईंचं वय सत्तेचाळीस. रोज तासाभराची सवलत मागून, एकेक विषय सोडवत त्यांनी नऊ वर्षांत पदवी जवळजवळ गाठली होती. राहिला होता फक्त माझा विषय, आणि त्यात त्या दोनदा नापास झाल्या होत्या. तिसरी संधी शेवटची. ती हुकली की नऊ वर्षं पाण्यात.

गाडं अडायचं ते पॉइंटरपाशी. पॉइंटर म्हणजे मेमरीतल्या जागेचा पत्ता, तिथली वस्तू नव्हे. हे मी शंभरदा तरी सांगितलं असेल. पण तोंडी परीक्षेत माझा जुडगा टेबलावर आदळला की बाईंची वाचाच बसायची. दुसऱ्यांदा नापास केलं त्या दिवशी मला घास गोड लागला नाही, हे कबूल करतो.

म्हणून तिसऱ्या वेळी जुडगा अलगद टेबलावर ठेवला आणि एक छोटा प्रोग्राम त्यांच्यापुढे सरकवला. त्यात सभासदांची यादी होती. एका सभासदाला काढून त्याची जागा मोकळी केली, मग नवा सभासद आला. आता जुन्याचं नाव मागितलं, तर नव्याचं छापून येत होतं. का?

बाईंनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला. इकडे माझाच जीव वरखाली.

"सर, माझ्या भाषेत सांगितलं तर चालेल?"

"सांगा ना."

"पिशवी देऊन टाकली, पण टोकन परत घेतलं नाही. वर तोच खण दुसऱ्याला दिला! आता जुनं टोकन घेऊन कुणी आला, तर त्याच्या हातात भलत्याचीच पिशवी पडणार. या प्रोग्रामनं जागा मोकळी केली, पण पत्ता खोडलाच नाही."

मी खुर्चीत सरळ बसलो. "मग करायचं काय?"

"खण मोकळा झाला की टोकन लगेच खिळ्याला. आणि टोकन बाहेर असेल तर तो खण कुणालाच द्यायचा नाही. माझा सतरा नंबर घ्या. मी लेकीच्या बाळंतपणाला रजेवर होते, तेव्हा बदलीवाल्यानं टोकन न घेताच कुणाला तरी पिशवी देऊन टाकली. तीन वर्षं रिकामा ठेवलाय तो खण."

"जागा वाया जाते की!"

"जाते ना. अशी सगळीच टोकनं गेली तर काउंटरला टाळं लागेल. पण भलत्याची पिशवी तरी जात नाही."

जागा अशा अडकून राहिल्या तर यंत्राचं काय होतं, हा तर माझा पुढचा प्रश्न होता! इतका आनंद मला माझ्या स्वतःच्या निकालालाही झाला नव्हता. मी गुण मांडले, सही ठोकली आणि कागद त्यांच्याकडे फिरवला. त्यांनी तो दोनदा वाचला, डोळे टिपले, दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या.

"सही झाली ना सर? आता बदलणार नाही ना?"

"ब्रह्मदेव आला तरी नाही."

"मग माझं सतरा नंबरचं टोकन द्या."

मी जुडग्याकडे पाहिलं. किल्ल्यांच्या मधोमध पितळी चकती, घासून गुळगुळीत झालेली, आणि तिच्यावर सतरा.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्या तासापासून. म्हटलं, आधी विषय सुटू दे. नुसत्या चुकीला एवढं आपटता, टोकन मागितलं असतं तर काय केलं असतंत?"

मी मोठ्यानं हसलो, त्याही हसल्या. जुडग्याची कडी घट्ट बसली होती. उघडताना माझं नख मोडलं. टोकनताई मात्र हात पुढे करून तशाच उभ्या होत्या.