तेलगावच्या दारातून निघताना

मस्कतमध्ये डिसेंबरची सुट्टी जवळ आली की मराठी मंडळींत एकच चर्चा असते, गोवा की केरळ. आम्ही यंदा बीड जिल्हा म्हणालो, तेव्हा लोकांचे चेहरे बघण्यासारखे झाले. "तिथं काय आहे बघायला?" शेजारच्या बाईंनी विचारलं. "मावशी," मी म्हणाले.

मी नववीत असताना आई गेली. 'माय मरो पण मावशी जगो' असं लोक सहज बोलून जातात, मी मात्र त्या म्हणीवरच वाढले. प्रत्येक सुट्टी तेलगावला. मावशीचा एकुलता एक मुलगा बाळू मला सायकलच्या दांड्यावर बसवून शिवारभर फिरवायचा आणि उतारावर मुद्दाम हात सोडायचा. गेल्या वर्षी साखर कारखान्यांचा हंगाम चालू असताना रस्त्यात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर त्याची मोटरसायकल आदळली आणि तो जागीच गेला. ट्रॉलीला मागे दिवा नव्हता. माझी लेक ईरा तेव्हा तापाने दवाखान्यात होती, म्हणून मला निघता आलं नाही. त्या दिवसापासून मावशी बोलेनाशी झाली. सुनीतावहिनी, म्हणजे बाळूची बायको, फोन तिच्या कानाला लावायची. मी इकडून 'मावशी, ए मावशी' करत राहायचे आणि पलीकडून नुसता श्वास ऐकू यायचा. या प्रवासात मला एवढंच हवं होतं, की मावशीने एकदा माझ्याशी बोलावं.

छत्रपती संभाजीनगरहून भाड्याची गाडी घेतली आणि सकाळी लवकर निघालो. कुणी जाणार असेल तर सांगते, गेवराईपर्यंतचा रस्ता उत्तम आहे, फक्त टोलसाठी फास्टॅगमध्ये पैसे आहेत की नाहीत ते आधी बघा. आम्ही बघितलं नव्हतं, त्यामुळे दुप्पट भरले आणि वर माझ्या नवऱ्याचं, विनयचं व्याख्यान ऐकलं. गोदावरी ओलांडली की कापसाची शेतं सुरू होतात. बोंडं वेचून झाली होती, झाडांवर उरलेला कापूस लोंबत होता. ईरा म्हणाली, "आई, इथे बर्फ पडतो?" मी हसले, आणि गेल्या कित्येक दिवसांत हसलेच नव्हते हे तेव्हा लक्षात आलं.

गेवराईच्या पुढे एका धाब्यावर भाकरी, शेवभाजी आणि ठेचा खाल्ला. ठेच्याने विनयच्या डोळ्यांतून पाणी काढलं. गल्ल्यावरच्या मालकांनी विचारलं, "पावनं, कुठं निघालाव?"

"तेलगावला."

"मग दमानं जावा. हंगाम हाय. ट्राल्याच ट्राल्या हायेत रस्त्यानं. अंधार पडायच्या आत पोचा."

विनय नुसता "हो" म्हणाला. मी पुढ्यातली भाकरी कुस्करत बसले.

गढीला हमरस्ता सोडून डावीकडे माजलगावचा रस्ता धरायचा. तिथून ट्रॉल्या लागल्या. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, आणि वर बसलेली माणसं. एरवी विनय कुणाच्या मागे राहणाऱ्यातला नाही. त्या दिवशी तो एका ट्रॉलीच्या मागे बैलगाडीच्या चालीने गाडी चालवत राहिला. मागून हॉर्न वाजत होते. मी त्या ट्रॉलीच्या मागच्या बाजूकडे बघत होते आणि मला बाळूचा खूप राग आला. सावकाश जायला काय झालं होतं तुला? मग रडू आलं. ईराने मागून हात पुढे करून माझा खांदा धरला.

माजलगावला चहाला थांबलो. धरणाचं पाणी उन्हात चमकत होतं, ईराने भरपूर फोटो काढले. तिथेच विनय म्हणाला, "खजूर डिकीतच राहू दे." मस्कतहून मी खजुराचा मोठा डबा आणला होता, मावशीला खजूर फार आवडतो म्हणून. पण दुखवट्याला गेलं की गोड न्यायचं नसतं, मुक्काम करायचा नसतो. आणि निघताना 'येतो' म्हणायचं नसतं. अशा कारणाने पुन्हा यायची वेळ येऊ नये, म्हणून काही न बोलता नुसतं उठायचं आणि चालू लागायचं. आम्ही दोघांनी एकमेकांना ते बजावलं. ईराला सांगायचं दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

तेलगावला पोचलो तेव्हा मावशी ओसरीवर खांबाला टेकून बसली होती. किती लहान झाली होती! मी तिच्या गळ्यात पडले. शेजारच्या बायका जमल्या, आमच्याकडच्या रीतीप्रमाणे गळ्यात पडून मोठमोठ्याने रडणं झालं. मावशीच्या डोळ्यांत मात्र टिपूस नव्हता. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि पुन्हा रस्त्याकडे बघत बसली.

"कुनाशीच बोलत न्हाईत, ताई," सुनीतावहिनी हळूच म्हणाली. "जेवा म्हनलं की जेवतेत, झोपा म्हनलं की झोपतेत. दिवसभर अशा बसून असतेत बगा."

मी सगळे प्रयत्न केले. बाळूच्या सायकलच्या गोष्टी सांगितल्या, मस्कतच्या सांगितल्या, शेवटी तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडले. तिने केसांतून बोटं फिरवली. बोलली मात्र नाही. ईरा तिच्याजवळ बसून तिच्या बांगड्या मोजत होती, तेवढ्यापुरती मावशी हातांकडे बघायची. ऊन उतरायला लागलं. विनयने माझ्याकडे बघितलं. धाब्यावरच्या मालकांचे शब्द दोघांनाही आठवत होते.

मी उठले. मागे न बघता अंगण ओलांडलं आणि गाडीचं दार उघडलं. तेवढ्यात मागून ईराचा खणखणीत आवाज आला, "आजी, येते हं!"

सुनीतावहिनीने तोंडाला पदर लावला. ईराचं तरी काय चुकलं? मस्कतला रोज सकाळी शाळेच्या बसपाशी 'जाते' म्हणाली की मी तिला थांबवते आणि 'येते' म्हणायला लावते. आणि मला ते शिकवलं होतं मावशीनेच, याच अंगणात.

मी ईराला ओढायला परत धावले. पण मावशीने पोरीचा हात धरला होता.

"माझा बाळू बी येतोच म्हनून गेला, माय," मावशी म्हणाली. आवाज घोगरा, न वापरल्यासारखा. ईरा घाबरून तिच्याकडे बघत राहिली. मावशीने तिची हनुवटी धरली. "तू तरी ये."

आणि मग ती रडली. इतक्या महिन्यांचं सगळं रडली. वहिनी तिला धरून रडत होती, मी दोघींना धरून. निघायला उशीर झालाच. खजुराचा डबा डिकीत होता तसाच लॉजवर परत आला.

मस्कतला परतून आता बरेच दिवस झाले. लोक विचारतात, ट्रिप कशी झाली? मी रस्त्याचं सांगते, ठेच्याचं सांगते, बर्फासारख्या कापसाचं सांगते. मावशीचं सांगत नाही. ती आता बोलते. दर शुक्रवारी, आमच्या सुट्टीच्या दिवशी, तिचा फोन येतो. माझ्याशी दोनच शब्द, "पोरगी हाय?" मी फोन ईराकडे देते.

विनयचं काम बदललंय, येत्या वर्षात सुट्टी मिळणार नाही. कालच कळलं. आज शुक्रवार आहे. आत फोनवर ईरा शाळेतलं काहीतरी सांगून हसतेय, आणि तिने फोन स्पीकरवर ठेवलाय, त्यामुळे मला स्वयंपाकघरात सगळं ऐकू येतंय. शेवटी ती नेहमीप्रमाणे म्हणाली, "आजी, येते हं."

"ये, माय," मावशी म्हणाली. "कवा येती?"

ईरा फोन घेऊन माझ्याकडे आली आहे आणि उत्तरासाठी माझ्या तोंडाकडे बघत उभी आहे.