मोरीच्या गोचिडांची हद्दपारी

आमच्या गाईचे गोचीड एकदा आंध्रातून मुंबई राज्यात गेले, आणि त्यांना डब्यात घालून तिथवर नेऊन सोडणारी मी होते.

राज्यं नव्याने आखली गेली ते दिवस. हद्द नेमकी आमच्या नाल्यावरून गेली. अलीकडचं आमचं घर आंध्रात, पलीकडचा विठ्ठलकाकांचा गोठा मुंबई राज्यात! (काकांनी जन्मात मुंबई पाहिली नव्हती. किनवटच्या पुढे गेले की त्यांचं पोट बिघडायचं.) मी अक्षरं शिकले ती बाबांनी निजामाच्या काळात कडब्यात लपवलेल्या पत्रकांवरून. इतर मुलांचा 'अ' अननसाचा होता, माझा अन्यायाचा!

अशात आमची गाय, मोरी, आटत चालली. कानामागे, मानेखाली, कासेवर गोचीड द्राक्षांसारखे लोंबत होते. बाबा म्हणाले, "येत्या बाजाराले हिले बाजारहत्नूरले नेतो न् इकून टाकतो."

मोरी माझ्या हातची वाढलेली. मी पेटले! "बाबा, रक्त पिणारा गुन्हेगार आहे. मग रक्त देणारीला शिक्षा का?"

"काऊन की रगत पेनाऱ्याले बाजारात गिऱ्हाईक नाही," बाबा म्हणाले.

बाजाराच्या दिवसाआधी गोठ्यात एक गोचीड शिल्लक ठेवणार नाही, अशी मी शपथ घेतली. (मोठ्याने. गोठ्यातच. मोरीने शेपटीचा फटका देऊन पाठिंबा दिला.)

दुपारभर मी एकेक गोचीड उपटून डब्यात टाकत होते. मायने विस्तवाचं घमेलं पुढे सरकवलं. "मंदे, याच्यात टाक. चट् वाजते न् काम संपते."

"नाही, माय! ठार मारणं हा पळपुटेपणा आहे. शोषकाला हद्दपार केलं पाहिजे!"

"कुठी करतं?"

मी नाल्याकडे बोट दाखवलं. सरकारने सोय करूनच ठेवली होती!

डबा पलीकडे नेऊन गवतात उपडा केला आणि वर एक छोटंसं भाषण केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा डबा, पुन्हा भाषण. शेजारणींनाही उत्साह आला. त्यांनी आपापले डबे माझ्या हवाली केले. अख्ख्या आळीचे गोचीड मी परराज्यात पाठवले! आणि मोरीच्या अंगावर मात्र आधीपेक्षा जास्त. मी चळवळ तीव्र केली. गोचिडांनीही केली.

बाजार तोंडावर आला तेव्हा काका नाला ओलांडून आले. दोन्ही हातांनी अंग खाजवत.

"भाऊ, हे पोट्टी तुही हाय का माही दुश्मन? माह्ये बैल गोचिडांनं काळे पडले ना!"

"काका, तुमच्या राज्याने बंदोबस्त करायला हवा," मी म्हणाले.

"राज्य गेलं खड्ड्यात! तुमची मोरी रोज चराले कुठी येते, थे सांग."

गायरान नाल्यापलीकडे होतं, काकांच्या गोठ्याला लागून. मी डब्यातून पोचवत होते आणि मोरी संध्याकाळी तेच गोचीड अंगावर बसवून परत आणत होती. तिला नवी हद्द कोणी सांगितलीच नव्हती!

माय हसून हसून भिंतीला टेकली. "सकाळी हे नेते, सांजच्याले थे आनते!"

पण मी मागे हटणाऱ्यातली नव्हते. "आता दोन्ही राज्यांत एकाच वेळी मोहीम!"

"मोहीम राहू दे व बाई," काका म्हणाले, "इस्तव आन."

मोरीचं चरणं बंद करून तिला दावणीलाच कडबा घातला. मग आम्ही दोन्ही गोठ्यांवर तुटून पडलो. भिंतींच्या भेगा शेणामातीने बुजवल्या, निंबाच्या पाल्याचा धूर केला, जनावरं तंबाखूच्या पाण्याने पुसून काढली. उपटलेला प्रत्येक गोचीड सरळ घमेल्यात. मी जिथे उभी राहून भाषणं केली, त्या गवताला काकांनी स्वतःच्या हाताने काडी लावली. (इतक्या आनंदाने लावायची गरज नव्हती.)

बाजाराच्या सकाळी बाबा दोर घेऊन गोठ्यात आले. त्यांनी मोरीचे कान उलटे करून पाहिले, शेपटी उचलली, कासेवरून हात फिरवला.

"बरं," ते म्हणाले. "राहू दे हिले."

मोरी राहिली! माझा ऊर भरून आला. मी गव्हाणीवर चढले. "बंधूंनो, आजचा हा विजय…"

"थांब," बाबा म्हणाले आणि त्यांनी माझ्या मानेवरून काहीतरी उपटलं. टम्म फुगलेला गोचीड!

मायने तो घमेल्यात टाकला. "बिचारा! रगताच्या आशेनं चिकटला न् भाषणात सापडला."

मी दिवसभर एक शब्द बोलले नाही. त्या संध्याकाळी मोरीने कितीतरी दिवसांनी दुधाची चरवी अर्ध्याच्या वर भरली. काका त्याचं श्रेय तंबाखूच्या पाण्याला देतात, बाबा कडब्याला. माय अजूनही माझ्या गप्प बसण्याला देते.