ओबदुलियाचा प्रेसिदेन्ते

हवानाच्या सेर्रो वस्तीतल्या ओबदुलियानं चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या हातचा एक प्यालाही चाखला नव्हता. एलिसेओ मोठ्या हॉटेलच्या बारमधला नावाजलेला माणूस. रमची पेयं करावीत तर त्यानंच. पण घरी आला की म्हणायचा, "न्हावी काय घरी येऊन बायकोची हजामत करत बसतो? कॉफी टाक."

मग त्याच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली. डॉक्टरीण म्हणाली, बोलत राहिला तर वाचा परत येईल. पण एलिसेओनं तोंडच मिटून घेतलं. डॉमिनो खेळायला दोस्त बोलवायला आले तर हा भिंतीकडे तोंड फिरवायचा. असे सात महिने गेले.

त्याची सत्तरी जवळ आली, तेव्हा ओबदुलियानं ठरवलं, घरी प्रेसिदेन्ते करायचा, रमचं ते जुनं हवानी पेय. तोच त्याचा हातखंडा.

"तू?" शेजारीण मिग्दालिया हसली. "तुझं लिंबाचं सरबतसुद्धा तोंडात धरवत नाही!"

"तुला कोण पाजतंय?" ओबदुलिया म्हणाली.

परसातल्या डाळिंबांचा तिनं पाक केला. आंबट संत्र्याच्या साली रममध्ये तीन आठवडे मुरवून त्यात साखर घातली. पांढऱ्या व्हर्मुथची, म्हणजे मसालेदार वाइनची बाटली माद्रिदच्या भाचीनं धाडली होती. वाढदिवसाच्या दिवशी दुपारी तिनं मुरंब्याच्या बरणीत बर्फ भरला, सगळं अंदाजपंचे ओतलं, झाकण लावलं आणि माराकाचा खुळखुळा वाजवावा तशी बरणी खळखळा हलवायला लागली. पेय तांदळाच्या धुवणासारखं गढूळ झालं.

दारातल्या खुर्चीवरून एलिसेओनं डावा हात आपटला.

"नको!"

ओबदुलिया जागच्या जागी थिजली.

"हलवू... नको. ढवळ!"

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पण ती वस्ताद. बरणी ओट्यावर ठेवून म्हणाली, "मग दाखव ना येऊन! खुर्चीत बसून ओरडायला काय जातंय?"

पाय ओढत एलिसेओ ओट्याशी आला. डाव्या हातानं त्यानं काचेच्या भांड्यात बर्फ टाकला. रम, व्हर्मुथ, संत्र्याचा अर्क. डाळिंबाचा पाक जेमतेम अर्धा चमचा. मग लांब दांड्याचा चमचा काचेला लावून फिरवू लागला. डाव्या हाताला सवय नव्हती, बर्फ खणखणला. एलिसेओनं एक शिवी हासडली, अगदी स्पष्ट, एकही अक्षर न अडखळता! दुसऱ्यांदाही खणखणला. तिसऱ्या खेपेला मात्र चमचा असा फिरला की आवाज म्हणून नाही.

गाळलेला प्याला त्यानं तिच्यापुढे सरकवला. फिकट सोनेरी, वर लालसर झाक, आणि इतका नितळ की पलीकडचे खिडकीचे गज दिसावेत.

ओबदुलियानं घोट घेतला. मग आणखी एक.

"चाळीस वर्षं हे लपवून ठेवलंस, लबाडा?"

"तू... मागितलं नाहीस."

हात काही परत आला नाही. वाचा मात्र आली, थोडी थोडी करत, बहुतेक रागावण्यासाठीच. रविवारी सकाळी गल्लीतल्या चार बायका आता त्याच्याकडे शिकायला येतात, आणि सगळ्यात जास्त बोलणी मिग्दालिया खाते. "मनगट नाही, बाई, बोटं! भात ढवळतेस का?"

मागच्या महिन्यात मिग्दालियाच्या लेकीचं लग्न झालं. ओबदुलियानं वीस प्याले ढवळले. काठी टेकून एलिसेओ शेजारी उभा होता, एकेक प्याला उजेडाकडे धरून पाहत होता. फक्त एकच त्यानं परत केला.