हडळ वहिनीला डोंबिवलीत खोली हवी

आधी माफी मागतो. घर सोडण्याबद्दल लिहायचं तर माणूस खूप लांब गेलेला असावा. मी चिपळूणकडच्या वाडीतून फक्त डोंबिवलीला आलेलो. पण आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे मला लिहिता येत असणार असं सगळे धरून चालतात. गावच्या आणि गाव सोडलेल्या मंडळींनी सांभाळून घ्यावं.

निघालो तेव्हा एसटीच्या खिडकीशी अण्णा, म्हणजे माझे वडील, उभे होते. "शिक. कुणाला हसायला जागा ठेवू नको," एवढंच म्हणाले. आईने तिन्हीसांजेला चिंचेखालून जाऊ नको म्हणून बजावलं. डोंबिवलीत मावशीच्या बिल्डिंगखाली चिंच नव्हती, पार्किंग होतं.

पुढे मावशीकडे जागा पुरेना, म्हणून खोली शोधायला लागलो. प्रत्येक एजंट विचारायचा, "बॅचलर? सॉरी बॉस." त्या वैतागात कॉलेजच्या गॅदरिंगला मी पांढरं पातळ नेसून, मोकळ्या केसांचा टोप घालून हडळ वहिनी झालो. गावची चिंच रस्त्यासाठी तोडली म्हणून वहिनी डोंबिवलीत वन आरके शोधते. एजंट विचारतो, "फॅमिली?" ती म्हणते, "होती. घाबरून गेली." "नॉनव्हेज?" "माणसं सोडली हो मी. चातुर्मास आहे."

लोक हसले. मग सोसायट्यांचे गणपती, वाढदिवस, शीळफाट्याला एका ढाब्याचं उद्घाटन. मला वाटायला लागलं, हे काम आपल्याला जमतंय.

मग कुणीतरी अण्णांना व्हिडिओ दाखवला. "तुला शिकायला धाडला, हडळ व्हायला नाय," म्हणाले, आणि त्यानंतर फोनवर यायचेच बंद झाले. आई दरवेळी सांगायची, "गोठ्यात आहेत." इतका वेळ गोठ्यात, म्हणजे एव्हाना म्हैससुद्धा ग्रॅज्युएट झाली असती. हसू यायचं, पण फोन ठेवल्यावर अभ्यास होत नसे. शेवटी ठरवलं, ठाण्यातल्या बाळकुमच्या हळदीची घेतलेली सुपारी तेवढी करायची आणि वहिनीला रजा द्यायची.

बाळकुमच्या आगरी घरातली हळद. तिथे लग्नाची गाणी म्हणणारी धवलारीण असते. ती गाण्यातून देवांना बोलावते, आणि घरच्या गेलेल्या माणसांनाही. मला हे कुठून माहीत असणार? डीजेवाला म्हणालेला, "भाई, म्हातारीचं गाणं थांबलं की एन्ट्री मार." म्हातारीने नवरदेवाच्या वारलेल्या आजीचं नाव घेतलं, श्वास घ्यायला थांबली, आणि मी पांढऱ्या पातळात केस सोडून मांडवात शिरलो.

धवलारणीने मला खालून वरपर्यंत पाहिलं आणि अगदी सहज म्हणाली, "आलीस गो? बस. उपाशी जाव नको." कुणीतरी पाट मांडला. नवरदेव पाया पडला. मला एकही वाक्य आठवेना. कसंबसं तोंडातून निघालं, "वन आरके मिळंल का?"

"खोली कशाला गो? आमचेच घरान ऱ्हा!" म्हातारी म्हणाली, आणि मग जो हशा उठला, त्यात डीजेसुद्धा ऐकू येईना. जेवूनच निघालो. खोली शोधायला लागल्यापासून मला इथे कुणी राहा म्हटलेलं नव्हतं. वहिनीला रजा द्यायचं माझ्याकडून राहूनच गेलं.

त्या मांडवातला व्हिडिओ गावातही पोचला असणार. अण्णा तरीही गोठ्यातच.

शिमगा झाल्यावर धाकट्या बहिणीचा, सुवीचा, फोन आला. तिला हसू आवरत नव्हतं. "दादा, अण्णांनी सोंग काढलं! आईचं पातळ नेसून, तोंडाला पीठ लावून."

"कुणाचं?"

"हडळ वहिनीची सासू! वाडीत दारोदार विचारत फिरत होते, आमची सून डोंबिवलीला खोली बघाय गेली, कुणाला काय कळला काय? मिळाली काय तिला? जेवते काय वेळेवर?"